विजेची शिट्टी

तुमच्या मोबाइलला खरखर माहीत नाही, म्हणून मला आधी खरखरीपासूनच सुरुवात करायला हवी. आमच्या वेळी वळवाच्या दिवसांत संध्याकाळी रेडिओ लावला की मीडियम वेव्हवर बातम्या कमी आणि खरखर जास्त. डोंगरापलीकडे कुठेतरी वीज चमकायची. गडगडाट आमच्यापर्यंत पोचायचाही नाही, पण रेडिओला मात्र ती बरोब्बर कळायची. खर्रर्र! घरातली मोठी माणसं वैतागून बटण पिळायची. आजची गोष्ट आहे ती बटण न पिळणाऱ्यांची. खरखर ऐकत बसणारी माणसंही असतात जगात, आणि त्यांना काय काय सापडलं ते ऐका.

वीज कडाडली की उजेड पडतो आणि आवाज होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तिच्यातून तिसरंही काहीतरी सुटतं, ते म्हणजे रेडिओलहर. काही किलोमीटर लांबीचा तो लोळ, त्यातून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह धावतो. म्हणजे निसर्गाने उभारलेला एक प्रचंड अँटेनाच की. पृथ्वीवर दर सेकंदाला अशा चाळीस-पंचेचाळीस विजा चमकतात. उपग्रहांनी वरून मोजून काढलेला आकडा आहे हा. माझं हे बोलणं होईपर्यंत शेकडो होऊनसुद्धा गेल्या.

या लहरींत जोर असतो तो फार कमी कंपनांच्या लहरींचा. सेकंदाला तीन हजार ते तीस हजार कंपनं, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झ. शास्त्रज्ञ त्यांना व्हीएलएफ म्हणतात. लहर संथ असली की लाट लांब असते. १० किलोहर्ट्झची एक लाट ३० किलोमीटर भरते. तिचं एक टोक पनवेलला ठेवलं तर दुसरं सरळ रेषेत बोरीबंदरला पोचेल. आता गंमत बघा. आपला कान सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनं ऐकतो. म्हणजे या रेडिओलहरींचा आणि आपल्या कानाचा इलाका जवळजवळ एकच!

काय म्हणालीस? मग आपल्याला त्या ऐकू का येत नाहीत? शाब्बास, हाच प्रश्न हवा होता. अगं, आवाज म्हणजे हवेची थरथर. रेडिओलहर म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची थरथर. ती कानावर आदळली तरी कानाचा पडदा ढिम्म हलत नाही. पण मध्ये एक लांब तार, एक अँप्लिफायर आणि एक हेडफोन जोडून दे, की झालं काम. स्टेशन लावायला नको, कंपनांची संख्या बदलायला नको. लहर जितक्या वेळा थरथरते तितक्याच वेळा हेडफोनचा पडदा थरथरतो. म्हणून कोणी ‘अंतराळातले आवाज’ असा व्हिडिओ दाखवला तर तो थापा मारतोय असं लगेच म्हणू नकोस. तिथे आवाज नसतोच, लहर असते. आवाज इथे खाली हेडफोनमध्ये जन्मतो.

ही तार पहिल्यांदा कोणी मुद्दाम लावली नव्हती बरं. ती होती तारखात्याची. मैलोन्‌मैल पसरलेल्या तारा, आणि त्यांना कुणीतरी नवीन निघालेला टेलिफोन जोडून कानाला लावला. ब्रिटनमध्ये विल्यम प्रीस यांनी १८९४ मध्ये नोंदवून ठेवलंय की तारेवर काम करणाऱ्यांना भलभलते आवाज आणि शिट्ट्या ऐकू आल्या, आणि त्याच वेळी आकाशात ध्रुवीय प्रकाश पसरलेला होता. तारवाल्यांना निरोप पाठवायचे होते. शिट्ट्यांचा उलगडा करायला कोणाला सवड होती?

मग आलं पहिलं महायुद्ध. हाइनरिश बार्कहाउझेन नावाचा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आघाडीवर शत्रूचे फोन चोरून ऐकायच्या कामात होता. खंदकांतल्या फोनचा प्रवाह परतताना जमिनीतून जायचा, त्यामुळे जमिनीत दोन कांबी अंतरावर ठोकल्या आणि मध्ये जबरदस्त अँप्लिफायर लावला की पलीकडचं बोलणं कानावर यायचं. पण कधी कधी बोलणं बुडून जायचं. उंच सुरात सुरू होऊन सेकंदभरात खर्जापर्यंत घसरत जाणारी एक शिट्टी यायची: पीSSSऊ! सैनिक म्हणायचे, गोळे उडताना ऐकू येताहेत. बार्कहाउझेनला हे पटेना. गोळे नाहीत, उपकरणात दोष नाही, मग ही शिट्टी येते कुठून? लढाई संपल्यावर १९१९ मध्ये त्याने ते छापलं. लहर निसर्गातूनच येते आहे, एवढं त्याला कळलं होतं. कशी येते, ते कळायला आणखी चौतीस वर्षं लागली.

त्याआधी दुसऱ्या एका लहान आवाजाची गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. रात्री हेडफोन लावला की नुसत्या कडकडाटात मधूनच ‘टुंइं’ असा एखाद्या पाखराने शीळ मारल्यासारखा टिपका येतो. त्याला ट्वीक म्हणतात. होतं असं, की आपल्या डोक्यावर आयनांबर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी आणि क्ष-किरणांनी तिथल्या वायूंचे इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात, आणि संथ लहरी त्या थरावर आदळून परत खाली येतात. खाली जमीन, वर आयनांबर, आणि मध्ये वर-खाली आपटत हजारो किलोमीटर जाणारी लहर. पण अशा आपटत जाणाऱ्या लहरीची निदान अर्धी लाट तरी त्या पोकळीत उभी मावली पाहिजे. मावली नाही, की ती पुढे जाऊच शकत नाही. ट्वीकचा सूर घसरत घसरत साधारण १.७ किलोहर्ट्झपाशी येऊन तुटतो. आता कर की गणित. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, भागिले १,७००, लाट आली सुमारे १७६ किलोमीटर. तिची अर्धी ८८. म्हणजे रात्री आयनांबराचा तळ आपल्या डोक्यावर ८८ किलोमीटरवर आहे! रॉकेट नाही, फुगा नाही, नुसता सूर ऐकून उंची सांगता आली. तो १.७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल. दिवसा मात्र ट्वीक ऐकू येत नाही, कारण उन्हात आयनांबराचा खालचा थर दाट होऊन खाली उतरतो आणि लहरी गिळून टाकतो.

शिट्टीकडे परत येऊ. केंब्रिजमध्ये ओवेन स्टोरी नावाचा एक विद्यार्थी होता. १९५१ च्या सुमाराला त्याने तार ताणली आणि शिट्ट्या जमवायला बसला. त्याच्या कानाने एक भेद टिपला. काही शिट्ट्यांच्या आधी एक ‘कट्’ असा जोरदार टिचका यायचा आणि मग सेकंद-दोन सेकंदांनी शिट्टी. काही शिट्ट्या मात्र टिचक्याशिवायच यायच्या, आणि त्या आखूड असायच्या. मोजून पाहिलं तर टिचकेवाल्या शिट्टीचं घसरणं बिनटिचक्याच्या शिट्टीच्या बरोबर दुप्पट! कधी कधी एकीमागून एक प्रतिध्वनींची मालिका यायची. आखूड शिट्टीच्या मालिकेत घसरण्याचं प्रमाण एक, तीन, पाच. लांब शिट्टीच्या मालिकेत दोन, चार, सहा.

ओळखा पाहू काय चाललंय ते. नाही? शाळा सुटली की सगळी पोरं फाटकातून एकदम बाहेर पडतात. फाटकापाशी पाहिलं तर नुसता एक घोळका. पण सरळ लांब रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं तर आधी लांब तंगड्यांची पोरं येतात, मग मधली, आणि शेवटी दप्तर सावरत बालवाडी. रस्ता दुप्पट असेल तर पहिल्या आणि शेवटच्या पोरामधलं अंतरही दुप्पट. विजेतून सगळे सूर एकाच क्षणी सुटतात, तो झाला ‘कट्’. पण सुट्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या जागेतून लांबवर जाताना वरचे सूर जलद जातात आणि खर्जातले मागे रेंगाळतात. म्हणून टिचक्याची शिट्टी होते.

तर मग हा लांब रस्ता कोणता? स्टोरीने उत्तर दिलं: पृथ्वीच्या चुंबकाच्या बलरेषा. इंग्लंडमध्ये निघालेली बलरेषा वर वर जाते, पृथ्वीच्या त्रिज्येहून अधिक उंच कमान करते आणि दक्षिण गोलार्धात उतरते. आयनांबरातून वर निसटलेली लहर त्या रेषेला धरून पलीकडे जाते, तिथे परावर्तित होते आणि त्याच वाटेने परत येते. वीज जवळच पडली असेल तर आधी टिचका ऐकू येतो आणि लहर जाऊन-येऊन पोचते, म्हणून लांब शिट्टी. वीज दक्षिण गोलार्धात पडली असेल तर टिचका इथवर पोचत नाही आणि लहर एकाच खेपेत येते, म्हणून आखूड. एक-तीन-पाच आणि दोन-चार-सहाचा हिशेब जमला की नाही?

हे सगळं मांडणारा स्टोरीचा निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता. स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती. आणि हा पोरगा म्हणत होता की पृथ्वीपासून हजारो किलोमीटरवर पोकळी नाहीच, तिथेही दर घन सेंटीमीटरला काही शे इलेक्ट्रॉन आहेत, नाहीतर शिट्टी इतकी घसरलीच नसती. वातावरण त्याच्या खूप खालीच संपतं अशी तेव्हाची समजूत होती. माझं मत विचाराल तर, त्या शतकात कान देऊन लागलेल्या शोधांत याला पहिला नंबर द्यावा. पुढे १९६३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन कार्पेंटरने अंटार्क्टिकात टिपलेल्या शिट्ट्यांवरून दाखवलं की इलेक्ट्रॉनांची ही गर्दी बाहेर जाताना हळूहळू विरळ होत नाही. पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण चार त्रिज्यांवर ती एकदम कोसळते. तोवर रशियाच्या चांद्रयानांनीही त्याच जागी तसंच काही पाहिलं होतं.

आता येऊ या उपग्रहांवर. खाली जमिनीवर बसून ऐकणं म्हणजे दाराआडून ऐकणं. आयनांबर बरंचसं अडवून ठेवतं. तेव्हा दाराच्या आत जायला हवं होतं.

कॅनडाने १९६२ च्या सप्टेंबरात आपला पहिला उपग्रह सोडला, अल्युएट-१. वजन १४५ किलो, उंची सुमारे १,००० किलोमीटर. त्याचं मुख्य काम होतं आयनांबरावर वरून रेडिओचे ठोके मारून त्याचा नकाशा काढणं. त्यासाठी त्याला अँटेना हवा होता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तब्बल ४५ मीटर. एवढी काठी रॉकेटच्या टोपणात मावायची कशी? पोलादाची पट्टी गुंडाळून डबीत ठेवली होती. वर गेल्यावर ती उलगडत बाहेर यायची आणि येता येताच आपोआप वळून तिची नळी व्हायची. वर्षभर चालला तरी खूप, अशा हिशेबाने केलेला तो उपग्रह दहा वर्षं चालला. जोडीला त्याच्यात एक साधा व्हीएलएफ ग्राहकही ठेवला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचा इंजन-३ उडाला. त्यावरचा व्हीएलएफ ग्राहक तयार केला होता आयोवा विद्यापीठातल्या डॉन गर्नेट या तरुणाने. हे नाव विसरू नका.

या दोन उपग्रहांनी वरून काय ऐकलं? वीज खाली पडली आणि लहर आयनांबर पार करून उपग्रहापर्यंत आली. रस्ता आखूडच, त्यामुळे शिट्टी जेमतेम घसरते, चटकन संपते. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण तिच्या पाठोपाठ एक दुसरा सूर निघाला, आणि तो उलटा होता! खालून सुरू होऊन वर चढायचा, चढता चढता मंद व्हायचा आणि काही शे हर्ट्झवर एका ठरावीक सुराला चिकटून विरून जायचा. जमिनीवर असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. गर्नेट आणि त्याच्या सोबत्यांनी १९६५ मध्ये कोडं सोडवलं. तो सूर प्रोटॉनांचा होता. विद्युतभार असलेला कण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतो; हलका इलेक्ट्रॉन भरभर, जड प्रोटॉन सावकाश. प्रोटॉन सेकंदाला जितक्या गिरक्या घेतो, तेवढ्याच कंपनांच्या सुराकडे ती लहर सरकते आणि तिथे संपते. म्हणजे हा सूर कितीवर थांबला हे नुसतं वाचलं की उपग्रह आहे त्या जागी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ते कळतं. आणि चढण कशी आहे ते पाहिलं की तिथे हायड्रोजनचे आयन किती आहेत तेही कळतं. वजनकाटा नको, बाटलीत हवा भरून आणायला नको.

तुझ्या डोळ्यांवर झोप येतेय का रे? नाही? मग पहाटेचा किलबिलाट सांगतो.

विजेशी संबंध नसलेले आवाजही वर असतात. एक म्हणजे ‘चिऊ-चिऊ-चिऊ’ असे भराभर वर चढणारे सूर, एकात एक मिसळलेले. रानात तांबडं फुटताना पाखरांचा कल्ला होतो तसाच वाटतो, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला नावच ‘पहाटेचं समूहगान’ ठेवलं. आणि तो खरोखरच सर्वांत जास्त पहाटेच्या बाजूला ऐकू येतो. कारण सांगतो. सूर्यावर वादळ झालं की पृथ्वीच्या मध्यरात्रीच्या बाजूने ताजे इलेक्ट्रॉन आत फेकले जातात. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकतात, आणि मध्यरात्रीच्या पूर्वेला काय असतं? पहाट. तिथे पोचेपर्यंत ते आपली थोडी ऊर्जा लहरींना देतात आणि किलबिल सुरू होते.

हे समूहगान गोड असलं तरी साधंसुधं नाही. नासाने ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॅन ॲलन प्रोब नावाची जुळी यानं सोडली. पृथ्वीभोवती वेगवान कणांचे दोन पट्टे आहेत, त्यांच्या आतच ती फिरत होती. सोडल्यावर काही दिवसांतच त्यांनी स्वच्छ किलबिलाट टिपला. आणि ऑक्टोबर २०१२ च्या चुंबकीय वादळात सापडलं की याच लहरी काही इलेक्ट्रॉनांना झोके देत देत प्रकाशाच्या वेगाजवळ नेऊन सोडतात. असे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पत्र्यातून आत शिरून त्याची सर्किटं बिघडवतात. तेच समूहगान दुसऱ्या काही इलेक्ट्रॉनांना बलरेषेवरून ढकलून खाली वातावरणात पाडतं, आणि तिथे ध्रुवीय प्रकाशाचे पुंजके लुकलुकतात. जपानच्या अरासे उपग्रहाच्या निरीक्षणांनी २०१८ मध्ये ही साखळी पक्की जोडून दाखवली.

दुसरा आवाज असतो नुसता ‘श्श्श्श’, त्याला हिस म्हणतात. त्यात ऐकण्यासारखं काही नाही. पण कणांच्या त्या दोन पट्ट्यांमध्ये जी मोकळी जागा आहे, ती मुख्यतः या कंटाळवाण्या ‘श्श्श्श’नेच झाडून ठेवलेली आहे.

आता १.७ आठवतोय ना? फ्रान्सने जून २००४ मध्ये डेमेटर नावाचा उपग्रह सोडला. सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून, भूकंपाआधी आयनांबरातल्या लहरींत काही फरक पडतो का, हे मुख्यतः पाहायला. डिसेंबर २०१० पर्यंत तो चालला. त्याच्या नोंदींत हजारो भूकंप एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की उथळ आणि मोठ्या भूकंपांच्या आधीच्या काही तासांत, रात्रीच्या वेळी, १.७ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी किंचित क्षीण होतात. ट्वीक जिथे तुटतो तोच सूर! म्हणजे गडबड असली तर ती आयनांबराच्या तळाशी असावी. पण उगीच उड्या मारू नका. फरक इतका बारीक आहे की एकेका भूकंपात तो दिसतच नाही. हजारोंची सरासरी काढली तेव्हा कुठे डोकं वर काढतो. याच्यावरून उद्याचा भूकंप सांगतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आपल्याकडे? आपल्याकडे गुलमर्ग, नैनिताल आणि वाराणसीला शास्त्रज्ञांनी शिट्ट्या टिपल्यात. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या जवळजवळ नाहीत. चुंबकीय विषुववृत्त कन्याकुमारीजवळून जातं, आणि मुंबईहून निघालेली बलरेषा जेमतेम दोनशे किलोमीटर वर जाऊन परत खाली वळते. एवढ्या आखूड रस्त्यावर शिट्टी कशी घसरणार? पण ट्वीक मात्र आपल्या हक्काचे. फक्त विजेच्या तारांपासून लांब जावं लागतं, नाहीतर ५० हर्ट्झच्या गुंगाटापलीकडे काही कानी येत नाही. ही तक्रार जुनीच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला जोडीदार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू करावी लागली. आणि हेडफोनमध्ये १८ किलोहर्ट्झच्या आसपास एकसारखं काही बोलतंय असं वाटलं, तर ती वीज नव्हे. तिरुनेलवेलीजवळचं नौदलाचं केंद्र पाणबुड्यांशी बोलत असतं. तुमच्या कानांना तो सूर कदाचित ऐकू येईल. माझ्या नाही, म्हातारपणी वरचे सूर आधी जातात.

गर्नेट लक्षात आहे ना? त्याने पुढे व्हॉयेजर यानावर असाच ग्राहक बसवला. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ गुरू ग्रहाजवळून गेलं तेव्हा त्यात ऐकू आली तीच जुनी, बार्कहाउझेनची शिट्टी. शिट्टी आहे म्हणजे वीज आहे. कॅमेऱ्यानेही गुरूच्या रात्रीच्या बाजूला चमका टिपल्या. नंतर जूनो यानाने तर तिथल्या सोळाशेहून जास्त शिट्ट्या गोळा केल्या.

व्हॉयेजर पुढे जातच राहिलं. सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्याचा फुगा संपून खरं ताऱ्यांमधलं अंतराळ सुरू झालं का, यावर शास्त्रज्ञांचा वाद जुंपला. फुग्याच्या आत इलेक्ट्रॉन अगदी विरळ, बाहेर कितीतरी दाट. मोजलं की निकाल लागला. पण ते मोजणारं उपकरण १९८० मध्येच बंद पडलेलं! मग गर्नेटच्या ग्राहकाला काम मिळालं. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठा स्फोट झाला, त्याचा धक्का तेरा महिन्यांनी यानापर्यंत पोचला आणि तिथले इलेक्ट्रॉन थरथरू लागले. इलेक्ट्रॉन जितके दाट तितका त्यांचा सूर वरचा. सूर लागला २.६ किलोहर्ट्झवर. हिशेब केला, तर दर घन सेंटीमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन, फुग्याच्या आत असतात त्याच्या कितीतरी पट. म्हणजे यान केव्हाच बाहेर पडलं होतं. आधीच्या एका मंद सुराशी हा सूर ताडून गर्नेटने ओलांडण्याचा दिवसही काढला: २५ ऑगस्ट २०१२, सूर्यापासून १८ अब्ज किलोमीटरवर.